सेवकाची निवड आणि शौलाचे चिलखत

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१–१३ आणि १७:३२–४०



मंडळीच्या कामात असा प्रसंग वारंवार येतो की, एखादी जागा रिकामी पडते आणि ती भरण्याकरिता पंचांस एकत्र बसावे लागते. शाळेला शिक्षक हवा असतो, वसतिगृहाला अधीक्षक हवा असतो, दवाखान्याला परिचारिका हवी असते, किंवा दूरच्या वस्तीतील उपासना चालविण्याकरिता उपदेशक हवा असतो. अर्ज येतात, दिवस ठरतो, सतरंजी अंथरली जाते. एका बाजूस पाच पंच बसतात आणि समोर एक घाबरलेला तरुण किंवा तरुणी बसते. पाव तास बोलणे होते. उमेदवार बाहेर गेला म्हणजे पंच एकमेकांकडे पाहून म्हणतात, "माणूस बरा दिसतो, आपल्यात बसेल." अथवा असे म्हणतात, "हुशार आहे खरा, पण आपल्यात बसावयाचा नाही."

या एका शब्दावर कोणाची तरी भाकरी ठरते. त्याच शब्दावर गावच्या मुलांस पुढील कित्येक वर्षे कोण शिकविणार, हेही ठरते. म्हणून 'आपल्यात बसणे' म्हणजे काय, आणि माणसाचे शील पारखण्याचा योग्य मार्ग कोणता, याचा आपण आज शास्त्राच्या उजेडात विचार करू.

पहिली गोष्ट : संदेष्टाही पाहून चुकला

इशायाच्या घरी शमुवेल गेला तेव्हा तो कोणी नवशिका पंच नव्हता. लहानपणापासून तो देवाच्या मंदिरात वाढला होता. सर्व इस्राएल लोक त्याला संदेष्टा म्हणून ओळखत होते, आणि पहिल्या राजाचा अभिषेकही त्याच्याच हातून झाला होता. असा अनुभवी मनुष्य बेथलेहेमास येतो, थोरला मुलगा एलियाब त्याच्यापुढे उभा राहतो, आणि त्याची उंची व चेहरा पाहताच शमुवेलाच्या मनात निवड होऊन जाते. परमेश्वराने त्याला तेथल्या तेथे थांबविले. सोळाव्या अध्यायाच्या सातव्या वचनाचा भावार्थ आपणा सर्वांस ठाऊक आहे : मनुष्याची दृष्टी बाहेरच्या रूपावर जाते, परमेश्वराची दृष्टी अंतःकरणावर जाते.

बंधुजनहो, या वचनाचा आपण पुष्कळदा उलटा उपयोग करितो. पंच म्हणतात, "आम्ही कपडे पाहत नाही, आम्ही अंतःकरण पाहतो. इतकी वर्षे माणसे पाहिली. बसण्याबोलण्यावरून आम्हाला मनुष्य कळतो." परंतु शास्त्र हे म्हणत नाही. अंतःकरण पाहणे हा परमेश्वराचा अधिकार आहे असे शास्त्र म्हणते, आणि शमुवेलासारख्यालाही तो अधिकार नव्हता असे दाखविते. तेव्हा हे वचन पंचांच्या अंतर्ज्ञानाला आधार देत नाही. ते त्या अंतर्ज्ञानाला आळा घालते.

ज्यांनी या विषयाचा शोध केला आहे त्यांनाही हेच आढळले. २०१३ मध्ये अमेरिकेतील तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मुलाखत घ्यावयाची आणि त्यांस परीक्षेत किती गुण पडतील याचा अंदाज करावयाचा, असे ठरले होते. उत्तरे देणाऱ्यांपैकी काहींस सांगून ठेविले होते की, प्रश्नाचे उत्तर खऱ्याप्रमाणे न देता ठरलेल्या एका खुणेवरून, म्हणजे जवळजवळ चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, द्यावे. अशा अर्थहीन उत्तरांवरूनही मुलाखत घेणारांस आपणाला तो मनुष्य चांगला कळला असेच वाटत राहिले. इतकेच नव्हे, तर पूर्वीचे गुण पाहून केलेल्या अंदाजापेक्षा मुलाखतीनंतर केलेले अंदाज अधिक चुकले. मनुष्याचे मन तुटक गोष्टींतूनही एक पुरे चित्र रचते आणि त्या चित्रावर विश्वास ठेविते. एलियाबाला पाहून शमुवेलाचे असेच झाले होते.

शमुवेलाच्या गोष्टीत आणखी एक बोध आहे. इशायाचे सात मुलगे पुढून गेले आणि एकही निवडला गेला नाही. मग शमुवेलाने विचारिले, मुले एवढीच काय? तेव्हा कळले की धाकटा रानात मेंढरे राखीत आहे. त्याला बोलाविण्याचे घरच्यांच्या मनातही आले नव्हते. आपल्या निवडीत पुष्कळ अन्याय मुलाखतीपूर्वीच घडून गेलेला असतो. जागा रिकामी आहे ही वार्ता कोणाच्या कानी गेली? ओळखीच्या चार घरांतच ती फिरली काय? लांबच्या वस्तीतील मुलगी, जिचा बाप दुसऱ्याच्या रानात मजुरी करितो, तिला हे कळले तरी होते काय? शमुवेलाने तो प्रश्न विचारला, आणि दावीद येईपर्यंत आपण जेवावयास बसणार नाही असे सांगितले. प्रत्येक पंचाने मुलाखतीस बसण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा.

दुसरी गोष्ट : 'आपल्यात' म्हणजे कोणात?

आता 'आपल्यात बसेल' या शब्दाकडे वळू. मोठमोठ्या कंपन्यांमध्येही हा शब्द चालतो. अमेरिकेतील नामांकित बँका, वकिलांच्या पेढ्या आणि सल्लागार संस्था यांत माणसे निवडणाऱ्या १२० जणांस लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी प्रश्न विचारले, आणि २०१२ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. निवडणारे काम पाहत होतेच; परंतु त्यासोबत उमेदवाराचे खेळ, त्याचे छंद, त्याची बोलण्याची ढब आपल्यासारखी आहे की नाही, हेही पाहत होते, आणि कित्येकदा कामाच्या गुणापेक्षा त्यालाच अधिक वजन देत होते. ज्याच्याबरोबर वेळ बरा जाईल तो त्यांस योग्य वाटे.

आपल्या देशात या शब्दाने काय केले आहे ते तर आपण चांगलेच जाणतो. २००७ मध्ये सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीच्या परिसरातील कंपन्यांच्या अधिकाऱ्यांस विचारून पाहिले. आम्ही जात पाहत नाही, केवळ गुण पाहतो, असे ते अधिकारी म्हणत. आणि तेच अधिकारी मुलाखतीत घराण्याची चौकशी करीत. वडील काय करितात, भाऊबहिणी काय शिकले, कोणत्या गावचे, असे प्रश्न विचारून ते उमेदवाराचे शील ताडीत. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा शोध प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्तमानपत्रांतील जाहिरातींस सारख्याच योग्यतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठविले होते. शिक्षण तेच आणि नाव मात्र दलिताचे किंवा मुसलमानाचे, असे असता उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा बोलावणे येण्याचा संभव कमी झाला. ज्याचे तोंडही कोणी पाहिले नव्हते, तो नुसत्या आडनावावरून 'आपल्यात न बसणारा' ठरला.

आपल्या मंडळ्यांतील अनेक घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच शब्द ऐकला आहे. विहिरीवर ऐकला, शाळेच्या ओट्यावर ऐकला, पंगतीत ऐकला. शाळेत बसावयाचे तर दाराबाहेर बसा, असे ज्यांच्या आजोबांस सांगण्यात आले, त्यांचे नातू आज पंच होऊन सतरंजीवर बसले आहेत, यात देवाची मोठी कृपा आहे. परंतु या कृपेबरोबर एक परीक्षाही आली आहे. आपण त्या जागी बसून तोच प्रश्न विचारावयाचा काय? उमेदवार पूर्वाश्रमी कोणत्या समाजातला, कोणत्या घराण्याचा जावई, आपल्या तालुक्याचा की परका, आपल्या मिशनच्या मंडळीतला की दुसऱ्या, याची कुजबुज पंचांत होते किंवा नाही, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य व मळक्या वस्त्राचा दरिद्री यांचे उदाहरण दिले आहे. एकाला चांगली बैठक, दुसऱ्याला पायांपाशी जागा, असे ज्या सभेत होते तेथे न्यायाधीशच दुष्ट विचारांचे झाले, असा त्याचा आरोप आहे.

मग उमेदवार कामाशी जुळतो की नाही हे पाहूच नये काय? अवश्य पाहावे. वसतिगृहाच्या अधीक्षकाला मुलांचा तिटकारा असेल तर तो त्या कामाचा नव्हे. जो वस्तीतील घरी पाणी पिण्यास कचरतो तो उपदेशक त्या वस्तीचा नव्हे. जिला रात्रीची हाक नकोशी वाटते ती परिचारिका त्या दवाखान्याची नव्हे. येथे जुळणे कामाशी आहे. ते तोलावे, आणि उघडपणे तोलावे. परंतु त्याचे बोलणे आमच्यासारखे आहे, तो आमच्या विनोदाला हसला, त्याचे मामा आमच्या ओळखीचे निघाले, हे जुळणे आमच्याशी आहे. त्याचा मुलांशी, वस्तीशी किंवा रोग्यांशी काही संबंध नाही.

दाविदाच्या गोष्टीत हे फार सुंदर रीतीने आले आहे. गल्याथाशी लढावयास तो निघाला तेव्हा राजा शौलाने त्याला आपले स्वतःचे चिलखत घातले, डोक्यावर पितळी टोप ठेविला. शौलाचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या मनात एवढेच होते की, लढणारा म्हणजे माझ्यासारखा दिसणारा. दाविदाने चालून पाहिले; सवय नसल्यामुळे त्याला चालवेना. त्याने ते सर्व उतरविले, काठी व गोफण घेतली, ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे निवडले आणि तो निघाला. चिलखत अंगावर बसले नाही म्हणून शौलाने त्याला परत पाठविले असते, तर त्या दिवशी इस्राएलाचे काय झाले असते? आमचे चिलखत ज्याच्या अंगावर बसत नाही तो कामाला नालायक, असे आपण म्हणतो तेव्हा कदाचित आपण दाविदालाच परत पाठवीत असतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तर पहिल्या मंडळीने याच्याही पुढचे पाऊल टाकिले. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्या बंधूंनी केली. तेव्हा सात पुरुष निवडण्यात आले. त्यांची सातही नावे ग्रीक आहेत, आणि त्यांतील नीकलाव हा तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात नव्याने आलेला होता. यावरून, ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच सेवक निवडले गेले, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. चांगली साक्ष, आत्मा व ज्ञान, एवढ्या तीन गोष्टी पाहावयाच्या असे प्रेषितांनी सांगितले होते. घराणे व भाषा त्या यादीत नव्हती.

तिसरी गोष्ट : मग शील कसे पारखावे?

अंतःकरण दिसत नाही, म्हणून आपण हात जोडून बसावे काय? नाही. शास्त्र आपणास मनुष्याला साजेसे असे चार मार्ग दाखविते.

पहिला मार्ग केलेल्या कामाचा आहे. तू पोर आहेस, असे शौलाने म्हटले तेव्हा दाविदाने आपल्या गुणांचे वर्णन केले नाही. बापाची मेंढरे राखताना सिंह व अस्वल आले, कोकरू धरून नेले, तेव्हा आपण काय केले, हे त्याने सांगितले. म्हणून उमेदवारास "तू प्रामाणिक आहेस काय?" असे विचारू नये, त्याला सर्वच जण होय म्हणतात. असे विचारावे : "तुमच्या हाती दुसऱ्याचा पैसा होता आणि हिशेब जुळेना, अशी वेळ कधी आली काय? तेव्हा काय केले, आणि कोणाला सांगितले?" किंवा असे : "एखादे पोर शाळेत येईनासे झाले तेव्हा तुम्ही कोणते पाऊल उचलले?" ज्याने ते केले आहे त्याला गावाचे, दिवसाचे, अडचणीचे बारकावे आठवतात.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष कामाचा आहे. अब्राहामाचा कारभारी इसहाकासाठी वधू शोधावयास गेला तेव्हा तो पाणवठ्यावर थांबला, आणि जी मला पाणी देऊन माझ्या उंटांसही पाजीन म्हणेल तीच, अशी त्याने खूण मागितली. उंट दहा होते. तहानलेला एक उंट शंभर लिटरांच्या आसपास पाणी एका वेळी पिऊ शकतो, हे ध्यानात आणा. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहणाऱ्या आपल्या भगिनींस, रिबकेने केवढे काम आपणहून पत्करिले, हे समजावून सांगावे लागणार नाही. त्या कारभाऱ्याने तिचा दयाळूपणा प्रत्यक्ष घागरीत पाहिला. आपणही शिक्षकाला एक दिवस वर्ग घ्यावयास लावावे. अधीक्षकाला एक संध्याकाळ मुलांच्या पंगतीत बसवावे. तेथे जे दिसेल ते सतरंजीवर दिसत नाही.

तिसरा मार्ग साक्षीचा आहे. पौल यरुशलेमास आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते, आणि तसे भिण्यास कारणही होते. बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले आणि वाटेत प्रभू त्याला कसा भेटला, दिमिष्कात त्याने येशूच्या नावाने कसे धैर्याने भाषण केले, हे सांगितले. त्याने "चांगला मनुष्य आहे" अशी मोघम चिठ्ठी दिली नाही. घडलेल्या गोष्टी सांगितल्या. आपणही साक्ष घ्यावी, आणि ती केवळ वरच्यांकडून घेऊ नये. पूर्वीच्या शाळेतील शिपाई, वसतिगृहाची स्वयंपाकीण, शेजारी राहणारे अन्यधर्मीय बंधू, यांस विचारावे. पौलाने तीमथ्यास सांगितले आहे की, अध्यक्षाविषयी बाहेरच्या लोकांचेही मत चांगले असावे. मोठ्यांपुढे नम्र होणे सोपे आहे. ज्यांच्याकडून काही मिळावयाचे नाही, त्यांच्याशी तो कसा वागला, हे त्याचे शील आहे.

चौथा मार्ग काळाचा आहे. सेवकांची आधी परीक्षा व्हावी आणि मग त्यांनी सेवा करावी, असे तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आणि घाईने कोणावर हात ठेवू नये, असे पाचव्यात आहे. म्हणून काही महिन्यांची उमेदवारी ठेवावी, तिच्या अटी आरंभीच सांगाव्या, आणि त्या मुदतीत त्याला शिकवावे व सावरावेही.

या चारही मार्गांस एक कुंपण घालावे. सर्व उमेदवारांस तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावे. प्रत्येक पंचाने आपले मत दुसऱ्याशी बोलण्यापूर्वी कागदावर लिहावे, नाही तर थोरल्या पंचाने मान हलविली की सर्वांच्या माना हलतात. नेमणुकीच्या पद्धतींवर अनेक वर्षे झालेल्या शोधांचा पॉल सॅकेट व त्यांचे सोबती यांनी २०२२ मध्ये पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा अशा ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा उपयोग पुष्कळच अधिक, आणि मनाला येईल तसे बोलण्याच्या मुलाखतीचा उपयोग फार थोडा, असे त्यांस आढळले. आपल्या केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब मधील अराजपत्रित जागांसाठी मुलाखतच बंद केली, कारण तेथे वशिल्याला व लाचेला वाव मिळतो; कौशल्याची चाचणी मात्र चालू ठेविली. राज्य चालविणारांनी जे ओळखले ते देवाच्या घरात आपण ओळखू नये काय?

जे मुलाखतीस जातात त्यांस दोन शब्द

तरुण बंधुभगिनींनो, तुम्हीही आज ना उद्या कोणापुढे तरी जाऊन बसाल. दाविदाप्रमाणे आपली काठी व गोफण घेऊन जा. उसने चिलखत घालून गेलात आणि निवडले गेलात, तर रोज ते अंगावर वागवावे लागेल. जे केले आहे ते साधेपणाने सांगा. मेंढरे राखणे हलके काम म्हणून दाविदाने ते लपविले नाही. त्याच कामात त्याचे धैर्य दिसले होते. तुम्ही आजारी आईची सेवा केली असेल, धाकट्या भावंडांस शिकविले असेल, मंडळीची वर्गणी गोळा करून पैशापैशाचा हिशेब दिला असेल, तर तेही सांगा.

आणि नाकारले गेलात तर तो देवाचा निकाल आहे असे समजू नका. पंफुल्याहून योहान मार्क काम सोडून परत गेला होता. पुढे बर्णबाने त्याला पुन्हा सोबत घेऊ म्हटले तेव्हा पौलाने साफ नकार दिला, आणि त्यावरून त्या दोघा थोर सेवकांत ताटातूट झाली. परंतु बर्णबाने मार्काला सोबत नेलेच. वर्षे गेली, आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात तोच पौल मार्काला घेऊन ये असे लिहितो, कारण सेवेसाठी तो उपयोगी आहे. प्रेषिताचा नकारसुद्धा शेवटचा नव्हता. मग पाच पंचांचा कसा असेल?

पंचजनहो, शेवटी एवढेच सांगणे आहे. पुढल्या वेळी जागा भरावयाची असेल तेव्हा बसण्यापूर्वी प्रार्थना करा. आणि ज्याला अंतःकरण दिसते त्याच्यापुढे, आम्हाला ते दिसत नाही, हे प्रथम कबूल करा. मग प्रश्न लिहून काढा, वार्ता शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचवा, कामावर नजर ठेवा, आणि घराण्याचा प्रश्न तोंडी आला तर तो गिळून टाका. इशायाच्या घरी आठवा मुलगा रानात होता. तुमच्याही गावाच्या रानात कोणीतरी मेंढरे राखीत असेल. त्याला बोलावणे पाठविल्याशिवाय पंगतीला बसू नका.

ज्याने गोठ्यात जन्मलेल्या आपल्या पुत्राला जगाचा तारणारा केले, तो देवबाप आपल्या पंचांस न्यायबुद्धी आणि आपल्या तरुणांस सरळ अंतःकरण देवो. आमेन.